भिंतीवरच्या पिरिहिराचा चष्मा

मंडळी, घरात एक जरी चष्मेवाला असला तरी हा प्रसंग तुम्हाला नवा नाही. फोटोची वेळ आली की कुणीतरी हमखास ओरडतं, "चष्मा काढ गं, मिनिटभराचं तर काम!" आणि चष्मेवाला बिचारा निमूटपणे काढतो. वैमारी आयुष्यभर तेच करत आली होती. तिच्या लग्नाच्या फोटोत तिचा एक हात पाठीमागे आहे. त्या हातात चष्मा आहे, हे आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं तिला वाटायचं.

त्या दिवशी हुहाना नॅनीचा, म्हणजे तिच्या आजीचा, ऐंशीवा वाढदिवस होता. ऑकलंडपासून सिडनीपर्यंत पांगलेलं सगळं गोत मराएवर, म्हणजे माओरी कुळाच्या सामाईक आवारात, जमलं होतं. आदल्या रात्री तिथल्या सभागृहात गाद्या टाकून, भिंतीवरच्या गेलेल्या माणसांच्या फोटोंखाली, लहानथोर सगळे ओळीने झोपले होते. न्याहारी उरकली आणि रिवाजाप्रमाणे सभागृहाच्या ओसरीत फोटोसाठी रांगा लागल्या. घराचं तोंड पूर्वेला, समुद्राकडे. सकाळचं ऊन थेट डोळ्यांत घुसत होतं.

कॅमेरा वैमारीच्या चुलतभावाच्या, टिपेनेच्या हातात होता. कॅमेरा नवा, त्यामुळे रुबाबही नवा.

"वाय, तुझ्या डोळ्यांच्या जागी दोन बशा दिसतायत!" तो वैमारीला म्हणाला.

"मग काय करू? मान फिरवू?"

"फिरव. नको, आता एकच बशी दिसतेय. मान वर कर. अरेरे, आता नाकपुड्या!"

सगळे हसले. वैमारीला मात्र हसू येईना. मान वर, मान खाली, डावीकडे, उजवीकडे, करून करून ती वैतागली होती. मागच्या रांगेतल्या काकांचे पाय दुखायला लागले, कडेवरची पोरं रडायला लागली. त्यात स्वयंपाकघराच्या दारातून एक मावशी कडाडली, "हांगीची भट्टी उघडायची झालीय! खड्ड्यातल्या रताळ्यांचा कोळसा झाला तर मला बोलू नका!"

टिपेनेचाही संयम संपला. "बस झालं! सगळ्या चष्मेवाल्यांनी चष्मे काढा!"

वैमारीने सवयीने आपला काढला. मग पुढच्या रांगेत बसलेल्या लेकीकडे ती वाकली. अवातेआ नऊ वर्षांची. फळ्यावरचं दिसत नाही हे शाळेत लक्षात आलं, आणि याच सत्रात तिला जाड भिंगांचा चष्मा लागला होता. सुरुवातीला रोज सकाळी रडारड व्हायची. आता कुठे ती आपणहून घालायला लागली होती, आणि येता-जाता दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत सुटायची.

"काढ गं राणी, मिनिटभर."

"का?"

"फोटो चांगला येतो."

"म्हणजे चष्म्यात मी वाईट दिसते?"

"तसं नाही गं..."

"मग लग्नाच्या फोटोत तुझा हात मागे का आहे?"

अवातेआने चष्मा काढून आईच्या हातात कोंबला. "घे. मला नकोच हा. शाळेतसुद्धा नाही घालणार."

वैमारीला संताप आला. त्या उन्हाचा, त्या कॅमेऱ्याचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. इतक्या महिन्यांच्या खटपटीवर एका वाक्यात पाणी पडलं!

"अवातेआ, इकडे बघ!" टिपेने ओरडला.

पण इकडे म्हणजे कुठे? पोरीने आवाजाच्या दिशेने मान वळवली, कपाळाला आठ्या घातल्या, डोळे बारीक केले, ओठ घट्ट मिटले.

मधल्या खुर्चीवर बसलेली नॅनी तिच्याकडे बघतच राहिली. मग काठी टेकत उठली. "थांब रे टिपेने! अरे देवा, ही तर माझी आई!"

काही न सांगता तिने नातीच्या लेकीचा हात धरला, दाराशी चपला काढल्या आणि ती आत शिरली. मागोमाग वैमारी, टिपेने आणि निम्मं गोत. भिंतीवर नॅनीच्या आईचा, पिरिहिराचा फोटो होता. आठ्या, बारीक डोळे, घट्ट ओठ. या फोटोखाली कुणी गादी घालत नसे. पोरं तिला रागीट म्हातारी म्हणत. लहानपणी वैमारीही या भिंतीकडे पाठ करूनच झोपायची.

"वैमारी, सांग बघू, ही बाई कशी होती?"

"फार तापट होती म्हणतात."

"कोण म्हणतं?" नॅनीचा आवाज चढला. "या आख्ख्या खाडीकाठी माझ्या आईइतकं हसणारी बाई नव्हती! प्रार्थनेच्या वेळीसुद्धा तिला हसू आवरायचं नाही. जाडजूड चष्मा होता तिला. शहरातून फोटोवाला आला, म्हणाला, बाई, चष्मा काढा, छान दिसाल. तिने काढला. मग तिला ना कॅमेरा दिसला, ना फोटोवाला! ती रागावलेली नाही गं. ती शोधतेय!"

वैमारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एका हसऱ्या बाईला पिढ्यान्पिढ्या आपण खाष्ट ठरवलं!

"हा एवढा एकच फोटो आहे तिचा," नॅनी म्हणाली. "मी कितीही सांगितलं तरी माझ्यापेक्षा तोच मोठ्याने बोलतो. आता उद्या मी जाणार या भिंतीवर."

"नॅनी, असं नको ना बोलूस."

"बोलू नको तर काय? ऐंशी झाली, नव्या नवरीसारखी लाजू? मी चष्म्यासकट जाणार. पतवंडांनी मला बघून पांघरुणात तोंड लपवलेलं मला चालायचं नाही."

टिपेने खजील झाला होता, तरी कुरकुरलाच. "पण नॅनी, चमक येते त्याला मी काय करू?"

"चमक कशाची?"

"उन्हाची."

"मग चष्मा कशाला काढता? ऊन काढा!"

"ऊन कसं काढणार?"

"जेवून!" नॅनीने काठी आपटली. "दुपारी ऊन घराच्या मागे जातं, ओसरीवर सावली पडते. तुमच्या आजोबांनी सकाळी फोटो काढला म्हणून तुम्हीही सकाळीच. कुणी विचारलं कधी, का ते?"

कुणीच विचारलं नव्हतं! सगळ्यांत जास्त आनंद झाला तो स्वयंपाकघरातल्या मावशीला.

जेवणं झाली. ओसरीवर गार सावली आली होती. टिपेने खुर्चीवर चढला आणि वरून म्हणाला, "चष्मेवाल्यांनो, हनुवटी जराशी खाली. काड्या कानावर किंचित उचला, म्हणजे भिंगं खाली झुकतील. बास! वाय, अगं, तुला डोळे आहेत की!"

वैमारी लेकीशेजारी खाली बसली. अवातेआचा चष्मा अजून तिच्याच हातात होता.

"मी चुकले गं," ती म्हणाली. "मलाच माझ्या चष्म्याची लाज वाटायची. तीच तुला देत होते."

अवातेआने क्षणभर आईच्या चष्म्याकडे पाहिलं. मग आपला घेऊन नाकावर चढवला. "ठीक आहे. पण आज दोन्ही हात पुढे ठेव."

वैमारीने ठेवले. फोटो निघाला.

वाचकहो, फोटो चांगला येत नसेल तर उजेड बदला, जागा बदला, वेळ बदला; माणूस बदलायला जाऊ नका. मिनिटभरासाठी काढलेला चष्मा पोराच्या मनातून कायमचा उतरू शकतो. आणि आपण गेल्यावर आपल्याबद्दल जे बोलणार आहे, ते चित्र आपल्यासारखं तरी असू द्या!

संध्याकाळी गाद्या पडल्या तेव्हा अवातेआने आपली गादी ओढत नेली आणि थेट पिरिहिराच्या फोटोखाली घातली.

"इथे?" वैमारीने विचारलं. "भीती नाही ना वाटणार?"

"ती शोधतेय ना?" अवातेआ उशी ठीक करत म्हणाली. "मग कुणीतरी इथे असायला नको?"