एका घराचं एक मत

उल्का बोलायला उभी राहिली आणि धवलने खिशातून मोबाइल काढला. तिचं बोलणं संपेपर्यंत त्याने मान काही वर केली नाही. असा उर्मट माणूस, आणि हा म्हणे महासंघाचा होऊ घातलेला अध्यक्ष!

झूटरमेर या डच गावातलं मराठी मंडळ त्या रविवारी बुर्टहाउसच्या, म्हणजे तिथल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये जमलं होतं. हार्लेम आणि रायस्वाइकची मंडळं सगळ्या मंडळांच्या नव्या महासंघात आधीच गेली होती; आता झूटरमेरने होकार दिला की झालं. मोठा हॉल, नावाजलेले कलाकार, सगळ्यांचा मिळून एकच गणपती. उल्काचा त्याला विरोध नव्हताच. तिचं घोडं अडलं होतं ते एका कलमावर. मध्यवर्ती समिती कुणाही सभासदाला कारण न देता काढून टाकू शकेल, असं महासंघाच्या घटनेत होतं. बाजू ऐकून घेतल्याशिवाय कुणाला काढता येणार नाही, हे एक वाक्य आधी घाला, मग आम्ही येतो, एवढंच तिचं म्हणणं. धवलला तोंडावर बोलणारी मंडळात ती एकटी. तेव्हा पहिली गच्छंती कुणाची होणार, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि मंडळ गेलं तर तिचं उरणार काय? पुण्यातली प्राध्यापकी सोडून ती नवऱ्याच्या, रमेशच्या व्हिसावर इथे आली आणि हे मंडळ तिने पोटच्या पोरासारखं वाढवलं.

"आधी आत या, दुरुस्त्यांचं मग बघू," धवल मोबाइल ठेवत म्हणाला.

कॉलेजात वर्षानुवर्षं अमेरिकेची राज्यघटना शिकवलेल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे कमालच. तिने सांगितलं की, १७८८ साली ती राज्यघटना मंजूर करताना व्हर्जिनियातल्या लोकांना अगदी हेच ऐकवलं होतं. नवं केंद्र सरकार येतंय, पण माणसाचे हक्क कागदावर कुठेच नाहीत, म्हणून तिथे लोक हटून बसले होते.

"मग मिळाले ना शेवटी हक्क?"

"मिळाले. विरोधातली माणसं गप्प बसली नाहीत म्हणून मिळाले. नॉर्थ कॅरोलायना राज्य तर हक्कांचा मसुदा पुढे येईपर्यंत आत गेलंच नाही. आपणही थांबू."

"वहिनी, आपल्याला गणपती बसवायचाय, देश नाही."

हशा पिकला. रमेशही हसला, आणि तो तिच्या शेजारी बसून हसला. महासंघाचं खजिनदारपद त्याला कबूल झालं होतं आणि त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. चारचौघांत माझं नाक कापू नकोस, असं त्याने बजावलं होतं. ते तू धवलकडे केव्हाच गहाण टाकलंयस, असं तिने सुनावलं होतं.

पण हसणारे सगळेच काही धवलचे नव्हते. मृण्मयी उठली आणि हे कलम मलाही खटकतं म्हणाली. मागून आणखी दोघं-तिघं बोलले. धवलचा चेहरा उतरला. मतदान घ्या, तो तुटकपणे म्हणाला.

चिटणीस स्नेहल हात मोजू लागली. बाजूने चौदा, त्यात रमेशचा. मग विरोधातले हात वर झाले. उल्कापाशी येऊन स्नेहल अडखळली.

"वहिनी, तुमचा नाही धरता येत. आपल्याकडे एका कुटुंबाचं एक मत. रमेशदादांचं झालंय."

"हे कुणी ठरवलं?" उल्का कडाडली, आणि तोंडातून शब्द गेल्यावर तिला आठवलं. तिनेच. मंडळाची नियमावली तिनेच लिहिली होती. वर्गणी घरटी, म्हणून मतही घरटी. पुण्यातल्या सोसायटीत असंच चालायचं, तेच तिने इथे उतरवलं. वर्गात दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांच्या चुका काढणाऱ्या बाईला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. स्वतःचीच तिला भयंकर चीड आली.

"चौदा विरुद्ध तेरा," स्नेहल म्हणाली.

"रमेश, तुझं मत मागे घे," उल्का म्हणाली. "त्या घरात मीही राहते."

तो समोर बघतच म्हणाला, "खाली बस. तमाशा नकोय."

ठराव मंजूर झाला. टाळ्या पडल्या, लोक खुर्च्या सरकवून चहाकडे निघाले. उल्का तिथेच उभी होती, हात वर. रमेशने तिची बाही धरून तो खाली ओढून पाहिला. तिने तो खाली येऊ दिला नाही.