सात नंबरचं पिंप

पेल्याच्या आतून ओघळणाऱ्या थेंबाला तळाशी पोचायला अकरा सेकंद लागले. व्हर्लीनबाईंनी पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. क्लबसाठी एकच पिंप निवडायला त्या केंटकीतल्या या गोदामात तिसऱ्यांदा आल्या होत्या. सात नंबरची व्हिस्की सर्वांत सुरेख होती, पण पिंप गळकं. त्यातून नव्वदच बाटल्या निघणार, आणि वाट पाहणारे सभासद दीडशे.

"बाई, लग्नाला होकार द्यायलाही एवढा वेळ घेतला होता?" गोदाम सांभाळणारा होबार्ट, त्यांचा जुना विद्यार्थी, म्हणाला.

"तेव्हा आधी चाखून बघायची सोय नव्हती रे."

"तीन नंबर घ्या. सगळ्यांना पुरेल, कुणी भांडणार नाही."

"कशाला भांडतील? ती कुणाच्या लक्षातसुद्धा राहणार नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "सात नंबर. चिठ्ठ्या टाकू. आणि माझी चिठ्ठी त्यात नको."