गुलाबच्या नावाची फुंक

"पापा, पहले समुंदर, मग जंगल. उलटं नाई करता येत."

संघमित्रा हैदराबादहून व्हिडिओवर बोलत होती. माझी एकुलती एक पोरगी. नोकरीला दोन वर्षं झाली आणि तिनं ठरवून टाकलं, आईबापाला अंदमानला न्यायचं.

"कावून नाई येत?" मी विचारलं.

"डायविंग केलं की एक पूरा दिन विमानात बसायचं नसते. म्हणून पहिले चार दिवस बेटावर डायविंगचा कोर्स, मग तीन दिवस जंगल. तिथं एक काळा सुतार पक्षी हाय पापा, जगात दुसरीकडं कुठंच नाई भेटत. खाडीत मगरी हायेत. गाईड बी बुक करून राहिली मी."

माझी बायको सुनिता मेथी निवडत होती. "मगर पाहाले पैसे द्याचे? अन मी पाण्यात साडीवरच उतरीन, सांगून ठेवते बाप्पा."

"आई, तू बोटीवर बसून राह्य. पापा उतरतीन. पापाले पाण्याचं काय टेन्शन!"

पोरगी खोटं बोलत नव्हती. मी लहानपणी इथल्याच मरोद्याच्या तलावात पोहायला शिकलो. बुडी मारली की काठावरची पोरं घाबरून मोठ्यांना बोलवायला पळायची, तोवर मी पलीकडे निघायचो. छाती भात्यासारखी. पन्नाशी उलटली तरी तिला काही झालं नाही.

"एक फॉर्म पाठवला हाय. पंचेचाळीसच्या वर वय असलं की डॉक्टरची सही लागते. फुफ्फुसाची टेस्ट करून घ्या. अठरा तारखेची फ्लाइट हाय रायपूरहून, लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी सुपेल्यातल्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या पोरीनं मला भिंतीला उभं करून उंची मोजली. एकशे अठ्ठ्याहत्तर. वजन केलं. नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि ओरडली, "जोर से अंकल, और, और, और!"

मी फुंकलं. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि हसली. "अंकल, ये तो तीस साल वाले का है!"

मी नळी तोंडातून काढून पाहिली. ती नळी माझ्या ओळखीची होती. ते "और, और, और" सुद्धा.

आता नीटच सांगतो. मी पोलादाच्या भट्टीला आतून लावायच्या विटा बनवणाऱ्या कारखान्यात आहे. नाव लिहीत नाही, असे कारखाने पुष्कळ आहेत. मी पहिल्यापासून डिस्पॅचला, उघड्या यार्डात, ट्रक भरायला. माझा दोस्त गुलाब खोब्रागडे दगड दळायच्या खोलीत. त्या खोलीत समोरचा माणूस दिसत नसे. धूळ ओढायचा पंखा बसवायला मालकाकडे कधी पैसे नव्हते, गेटवर देवळाएवढी कमान बांधायला होते. आम्ही दोघंही तेव्हा कंत्राटी.

वर्षातून एकदा मेडिकलची गाडी गेटवर यायची. सकाळच्या पाळीला एक ऑपरेटर, दुपारच्याला दुसरा. तो टोकनवरचा, म्हणजे कामगाराच्या बिल्ल्यावरचा, नंबर लिहायचा, उंची मोजायचा, वजन करायचा, नळी द्यायचा. तोंड कोणाचं आहे हे बघणं त्याचं काम नव्हतं. फुंक कमी भरली की 'अनफिट', आणि अनफिट म्हणजे टोकन जमा, गेटबाहेर. बदली काम नाही, इलाज नाही, काहीच नाही. म्हणून ज्यांना दम लागायचा ते दम असलेल्या माणसाला आपलं टोकन देत. आमच्याकडे याला 'फुंक मारून देणं' म्हणत. जसं कोणी कोणाची पाळी करून देतं, तसं.

गुलाब टोकन घेऊन माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याला दोन जिने चढायला दोनदा थांबावं लागत होतं. म्हणाला, "अबे नऱ्या, यंदा मारून दे ना लेका. पोरीची दहावी हाय." मी सकाळी माझी फुंक मारली आणि दुपारी, रुमाल बांधून, गुलाबची. कारखान्याची हजेरी लिहिणारा टाइम ऑफिसवाला विजयकुमार तिथंच खुर्ची टाकून बसला होता. मला बघून डोळा मारला. "क्या गुलाब, इस साल लंबा हो गया रे तू?" सगळे हसले. मीही हसलो.

त्या संध्याकाळी गुलाबच्या घरून मटणाचा डबा आला. नवरा पास झाला म्हणून त्याच्या बायकोनं, शेवंतावहिनीनं, केलेलं. तिला काही माहीत नव्हतं. मी हाडं चोखून खाल्ली.

अशा चार वर्षांत चार फुंका. चार डबे.

पाचव्या वर्षी गुलाब दळणखोलीतच पडला. तोवर मी पर्मनंट झालो होतो, पुढं डिस्पॅचचा सुपरवायझर झालो. गुलाब आता कोहक्याच्या वस्तीत, त्याच्या दोन खोल्यांत, नाकाला नळी लावून असतो. मशीन हवेतून ऑक्सिजन काढते, तो घेतो.

दवाखान्याचा कागद घेऊन घरी आलो तर शेवंतावहिनी दारात बसलेली. ती ब्लाऊज शिवते. घाईत निघाली असावी, गळ्यात मोजायची टेप तशीच होती. मांडीवर एक फाइल.

"नरेशभाऊ, हे वाचून सांगा मले. कंपनीच्या वकिलानं देलं. इंग्लिशमधी हाय."

मी नववीत शाळा सोडली. पण वाचायचं सोडलं नाही, त्यामुळे मोहल्ल्यातले अर्ज, तक्रारी, नोटिसा माझ्याकडेच येतात. वहिनीनं कामगार कार्यालयात दावा टाकला आहे हे मला ठाऊक होतं. दावा एवढाच, की नवऱ्याचं फुफ्फुस कारखान्याच्या धुळीनं गेलं हे लिहून द्या. ते लिहून मिळालं तर त्याचा इलाज कारखान्यावर. नाहीतर हे मशीन, ती शिलाई, आणि जितके दिवस जातील तितके.

फाइल उघडली. वकिलाचं म्हणणं होतं, की गुलाब खोब्रागडे चारही वर्षं पूर्ण निरोगी होता, उलट सरासरीपेक्षा त्याचं फुफ्फुस चांगलं होतं. त्याला जे झालं ते नंतर, घरी, बिडीनं. सोबत चार कागद जोडलेले. टोकन २१४, गुलाबचं. फुंकेची रेघ वर चढत गेलेली, डोंगरासारखी. कोपऱ्यात उंची. एकशे अठ्ठ्याहत्तर. चारही कागदांवर एकशे अठ्ठ्याहत्तर.

गुलाब माझ्या हनुवटीला लागतो.

"काय म्हणते?" वहिनीनं विचारलं.

"म्हणते, तेव्हा फिट होता."

"असं कसं, भाऊ? मशीन खोटं बोलते का?"

सुनिता चहा घेऊन आली होती. पलंगावर संघमित्रानं ऑनलाइन मागवलेली माझी पोहायची चड्डी आणि दोन टोप्या पडल्या होत्या. वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मशीन खराब असन," मी म्हणालो.

"मंग तसं लिहून द्या ना. तुमी छान लिहिता. अन अठरा तारखेले सुनवाई हाय, दुर्गच्या कामगार कार्यालयात. तुमी गवाही द्या, का तो तवाबी खोकलत होता. एवढंच."

"अठराले मी नाई ना, वहिनी. अठराले आमचं विमान हाय."

हे बोलताना मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर आली. त्या क्षणाला मात्र मी सुटलो असंच वाटलं.

ती उठली. "बरं, जाऊन या. पोरगी नेऊन राहिली त गेलंच पाह्यजे. फक्त लिहून द्या."

मी लिहिलं. सबंध पान लिहिलं. मशीन सदोष असल्याबद्दल, तपासणीच्या पद्धतीबद्दल, गरिबाच्या जिवाबद्दल. असा अर्ज मी आजवर लिहिला नव्हता. मालकाला शिव्या घालायच्या होत्या, त्याही सभ्य भाषेत घातल्या. पूर्ण पान खोटं. ज्या माणसानं फुंकली तोच लिहीत होता की मशीन नादुरुस्त आहे. आणि अशा अर्जाचं काय होतं तेही मला माहीत होतं. समोरचा वकील मशीनचं सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवतो, विषय संपतो.

अर्ज द्यायला, वहिनीची फाइल आणि माझा दवाखान्याचा कागद घेऊन, कोहक्याला गेलो. वहिनी ऑक्सिजनच्या मशीनसाठी डिस्टिल पाणी आणायला गेली होती. गुलाब उशीला टेकून बसलेला. मशीनचा घर्र आवाज, आणि त्या आवाजात सापडेल तिथं त्याचं बोलणं.

"अबे... अंदमानले चालला म्हनते?"

"व्हय."

"पहिले लोकाले... जेलमधी टाकाले... नेत होते तिथं. तू... तिकीट काढून चालला?" आणि हसला. हसणं त्याला परवडत नाही, दोन मिनिटं गेली श्वास जागेवर यायला.

मी फाइलमधले ते चार कागद काढून त्याच्या पुढ्यात धरले. "गुल्या, हे सांगा लागन."

त्यानं मान हलवली. "नाई."

"ह्या माह्या फुंका हायेत. ह्याच्यामुळं तुहा दावा बुडते."

"तुयी नोकरी जाईन. फंड... ग्रॅच्युइटी... सारं अडकवतीन. मी मागतली होती... तू थोडीच आला होता... देतो म्हणून?"

"मी नाई कावून नाई म्हनलो? तवाच नाई म्हनलो असतो त अनफिट होऊन बाहेर पडला असता तू. रिक्षा चालवली असती. दम त राह्यला असता!"

"अन पोरीची दहावी?"

हा सगळा धंदाच असा रचलेला आहे की गरिबाला गरिबाच्याच हातून मारायचं, आणि मारणाऱ्यालाही वाटावं की आपण मदत करतोय. पण एवढं कळून माझी सुटका होत नाही. नळी माझ्या तोंडात होती, मालकाच्या नाही.

"शेवंताले... नको सांगू," गुलाब म्हणाला. "तिनं... डबे बांधले होते रे."

एवढ्यात ती आली. हातात पाण्याचा कॅन. "आले का भाऊ? लिहिलं?"

"लिहिलं. पण वहिनी, मशीन खराब नव्हती."

गुलाबनं डोळे मिटून घेतले.

"म्हंजे?"

"ती फुंक माही होती. चारही वर्षं. गुलाबचं टोकन घेऊन मी फुंकलो."

तिला कळलं नाही. मी कागद दाखवला, कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. "ही उंची पाहा. ही माही हाय. हा माह्या आताच्या दवाखान्याचा कागद. तोच आकडा. तशीच रेघ."

तिनं दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. इंग्लिश तिला येत नाही, आकडे येतात. आकड्यांवरच तिचं घर चालतं. मग तिनं गळ्यातली टेप काढली.

"उभे राहा. भिंतीले."

मी उभा राहिलो. तिनं टेपचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि वर नेली. शिवणाची टेप दीडशेला संपते. तिथं तिनं भिंतीवर खडूची खूण केली, तिथून पुन्हा लावली, स्टुलावर चढून माझ्या डोक्यापर्यंत. "दीडशे अन अठ्ठावीस."

मग गुलाबकडे वळली. तो उठू शकत नव्हता. तिनं त्याची उशी काढली, त्याला सरळ झोपवलं, नळी बाजूला सरकवली आणि टाचेपासून मोजत गेली. कपड्याचं माप घ्यावं तसं, घाई न करता. "दीडशे अन आठ."

त्याला पुन्हा बसवलं, उशी लावली. मग माझ्याकडे न पाहता बोलली.

"रात्री खोकले ना हा, तर मी म्हनो, नाटकं करू नको. मशीननं पास केलं ना तुले? कामावर जा. चार वर्षं मी असं म्हनलं, भाऊ. ढकलून ढकलून पाठवलं."

"शेवंता..." गुलाब म्हणाला.

"तू चूप राह्य. दम वाचव."

माझा मोबाइल वाजला. संघमित्रा. मी उचलला, कारण न उचलून काय होणार होतं.

"पापा, मेडिकलचा कागद पाठवला का? डायविंगवाले विचारून राहिले."

"तो कागद दुसऱ्या कामाले लागला, बेटा. अठराले मले सुनवाईसाठी दुर्गले जाचं हाय."

"पापा? क्या हुआ?"

"आईले घेऊन तू जाय. माहं तिकीट रद्द कर. घरी येऊन सांगतो सारं. तुह्या आईलेबी अजून नाई सांगितलं."

फोन ठेवला. वहिनीनं मी आणलेला अर्ज हातात घेतला होता. सबंध पान, सभ्य भाषा. तिनं तो घडी करून शिलाई मशीनखालच्या चिंध्यांच्या पिशवीत खुपसला, आणि ब्लाऊजच्या मापांची वही उघडून एक कोरं पान माझ्यासमोर ठेवलं.

"ह्या खेपेस खरं लिहा. त्या विजयकुमारचंबी लिहा. डब्याचंबी."

"डब्याचं कशाले?"

"मी केले होते. मले माहीत नव्हतं, हेबी त कागदावर आलं पाह्यजे."

पेन माझ्या खिशात होता. हात मात्र कुठून सुरुवात करावी ते शोधत राहिला. आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले, 'महोदय'पासून सुरू करून.

"उंचीपासून सुरू करा," ती म्हणाली.

मी लिहिलं: माझं नाव नरेश धोंडबा वासनिक. माझी उंची एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर आहे.