उतरायची फळी

"घट्ट धर," आई म्हणाली. "पहिलं गिऱ्हाईक मीच आहे."

मुलाने गुडघाभर पाण्यात उभं राहून फळीचं खालचं टोक ओल्या वाळूत रोवलं. वरचं टोक होडीच्या नाकाडावर दोराने बांधलेलं होतं. मागे सुकाणूपाशी आईचा धाकटा दीर बसला होता. निम्मा जन्म त्याने त्याच जागेवर काढला होता.

"वहिनी, हट्ट पुरे झाला. तुम्ही पडलात तर सगळं बेट मला बोल लावेल."

"बेटाला दुसरा उद्योग काय आहे, भाऊजी?"

हंगाम तोंडावर आला होता. उद्या रंगारी येऊन धक्क्यावरच्या फलकावर यंदाच्या सहली लिहिणार होता. सकाळी खडकांमधले रंगीत मासे, दुपारी खाडीतून फेरी, संध्याकाळी सूर्यास्त. आईला त्यात आणखी एक हवी होती, म्हाताऱ्यांसाठी. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती बघत आली होती. किनारा लागला की तरुण मंडळी धपाधप उड्या मारून पसार होत, आणि कुणाची तरी आजी, कुणाचे तरी वडील सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन होडीतच बसून राहत. "आम्हाला इथूनच छान दिसतंय," असं म्हणत. पदर खोचून ती स्वतः उड्या मारायची, तेव्हा तिला ते खरं वाटे. गुडघे कुरकुरू लागल्यापासून खरं वाटेनासं झालं होतं.

मुलाचं म्हणणं वेगळं होतं. एकेकाला उतरवण्यात दिवस जाईल, आणि कुणी घसरलं तर धंदाच बसेल. बरीच वादावादी होऊन शेवटी ठरलं, की आईने कुणाचा हात न धरता उतरून, परत चढून दाखवायचं. जमलं तर फलकावर चौथी सहल. नाही जमलं तर हा विषय बंद.

आईने फळीवर पाऊल टाकलं. मध्यावर फळी लचकली, त्याच वेळी लाटेने होडीला धक्का दिला. ती थबकली. लाटेला उद्देशून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि पुढचं पाऊल टाकलं. मग ओली वाळू लागली, आणि चार पावलांवर कोरडी, तळव्यांना गरम. माडांची रांग तिच्या आठवणीपेक्षा पाण्याच्या बरीच जवळ आली होती.

"आता चढून दाखव," मुलगा म्हणाला.

"चढते. आधी भाऊजींना उतरू दे."

"काकांना कशाला? ते तर रोज येतात इथे."

"येतात. उतरलेले कधी बघितलेस?"

मुलगा हसायला गेला आणि तसाच राहिला. काकाने सुकाणूच्या दोराचं टोक उगाच सोडून पुन्हा बांधलं.

"होडीकडे कोण बघेल, वहिनी?"

"हा आहे की. धंदा सांभाळायला निघालाय, तासभर होडी सांभाळेल."

काका उठला. उठायलाच त्याला वेळ लागला. मग एकेका आडव्या फळकुटाला धरत तो पुढे आला. घरच्या धक्क्याला पायऱ्या होत्या, कठडा होता. तिथे त्याचे पाय थकल्याचं कधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. फळीवर त्याचा डावा पाय पुढे पडेना. मुलाचा हात आपोआप वर गेला. आईने मुलाकडे नुसतं पाहिलं, तसा तो हात खाली आला.

वाळूवर पोचल्यावर काकाने चपला काढल्या. तो माडांच्या कडेकडेने चालू लागला. चालता चालता बराच लांब गेला.

आई परत फळी चढली. शेवटची थोडी पावलं तर चक्क रांगत.

"रांगायचं नाही असं काही ठरलं नव्हतं," धापा टाकत ती म्हणाली.

मुलाने ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्याची नजर किनाऱ्यावर दूर गेलेल्या पाठमोऱ्या माणसावर होती. मग तो खाली वाकला आणि फळीच्या कडेवरून हात फिरवू लागला.

"हिला कठडा लागेल," तो म्हणाला. "उंची किती ठेवू?"

"काका परत आले की त्यांच्या हाताशी वल्हं उभं धरून माप घे," आई म्हणाली. "कशासाठी ते मात्र त्यांना सांगू नकोस."