सात नंबरची हद्द

ऑफिसात तिला सगळे 'टेप' म्हणत. कुठल्याही खोलीत शिरली की आधी नजरेनेच लांबी-रुंदी घ्यायची आणि आकडा सांगून मोकळी व्हायची; तो बोटभरही चुकायचा नाही. वडील गेल्यानंतर तिसऱ्या सोमवारी टेप कामावर आली. साहेबांनी, म्हणजे ऑफिसच्या मालक आर्किटेक्टनी, फार विचारपूस केली नाही.

"हलकं काम देतो," ते म्हणाले. "हॉस्पिटलचा दुसरा मजला, दुरुस्तीला निघालाय. कॉम्प्युटरवर मॉडेल तयार आहे. फक्त खोल्यांच्या हद्दी घाल आणि क्षेत्रफळाचा तक्ता काढ."

फाइल उघडली आणि टेपने मजला ओळखला. बाबा इथेच अकरा दिवस होते. साहेबांना ती काही बोलली नाही. बोलावंसं काही आतून वर आलंच नाही.

नकाशाच्या त्या सॉफ्टवेअरचा एक हट्ट असतो. चारी बाजूंनी भिंत असेल तरच ते खोलीला खोली म्हणतं. कुठे फट राहिली की खोली पाण्यासारखी बाहेर वाहते आणि स्क्रीनवर सूचना येते: खोली बंदिस्त नाही. वॉर्डात बारा खाटा होत्या आणि मधे नुसते पडदे. पडदे सॉफ्टवेअरच्या खिजगणतीतही नसतात. त्यामुळे बाराही खाटा, नर्सचं टेबल आणि पार लिफ्टपर्यंतचा कॉरिडॉर मिळून एकच लांबलचक खोली दिसत होती. अशा वेळी पडद्यांच्या जागी हाताने हद्दीच्या रेषा मारायच्या असतात. टेपने मारायला घेतल्या. एक, दोन, तीन करत सातवर आली. बाबांची खाट. दोन चाळीस गुणिले दोन साठ, सहा पॉइंट चोवीस चौरस मीटर. शिंक येते येते म्हणून माणूस थांबतं, तशी ती थांबली. काही आलं नाही. मग तिने आठ नंबर घातला.

बारा झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की नातेवाइकाची खुर्ची रेषेबाहेर पडतेय. खरोखरच पडायची. अकरा दिवस ती कॉरिडॉरमध्येच बसली होती. स्ट्रेचर आलं की ते ढकलणारे वॉर्डातले मामा लांबूनच ओरडायचे, "बाई, पाय आत!" शेवटच्या दुपारी एकदम दोन स्ट्रेचर आली, तेव्हा ती खुर्ची उचलून थेट लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली. परत आली तर नर्स म्हणाली, "आत्ताच गेले."

टेपने बाराही खाटांच्या रेषा साठ सेंटिमीटर बाहेर ओढल्या.

तक्ता बघून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सहा चोवीसचे सात अडुसष्ट कसे झाले?"

"रेषा सरकवल्या."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. कॉरिडॉर तीन मीटर आहे, नियमाला दोन चाळीस पुरतो. पडद्याची दांडी सरकवली की खुर्ची आत बसते."

"अगं, पण नसती उठाठेव कशाला?"

"मोजून बघा ना," टेप म्हणाली. दुसऱ्याच कुणाच्या घराबद्दल बोलावं तसा तिचा आवाज होता. साहेबांनी तक्ता परत स्वतःकडे ओढला. "उद्या साइटवर चल. सिस्टर हो म्हणाल्या तर करू."

दुसऱ्या दिवशी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी तिला पाहताक्षणी विचारलं, "तुम्ही सात नंबरच्या ना?"

साहेबांनी चमकून मान वळवली.

"हो," टेप म्हणाली. "दांडी इथपर्यंत आणायचीय."

सिस्टरांनी नकाशाचा कागद बाजूला ठेवला, जमिनीवर खडूने रेघ मारायला लावली आणि मामांना म्हणाल्या, "स्ट्रेचर पळवा बघू." स्ट्रेचर सुसाट गेलं, पण सहा-सातच्या समोर खांबाला थडकलं. टेपने खांबापासून खडूच्या रेघेपर्यंत माप घेतलं. दोन मीटर दहा.

"इथे नाही हो जमायचं," सिस्टर म्हणाल्या. "बाकीच्या दहांना करा. देव भलं करो तुमचं."

"बरोबर आहे," टेप म्हणाली आणि वहीत सहा-सातची रेघ जुन्या जागी मागे घेतली. सिस्टरांनी खाली सही केली. गाडीत बसल्यावर साहेब चाचरत म्हणाले, "सांगितलं असतंस तर दुसऱ्या कुणाला दिलं असतं काम."

"कुणीतरी करणारच होतं."

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो नोकरीसाठी परगावी असायचा. "ताई, काल रात्री झोप लागली का?" त्याने विचारलं. टेप गॅसपाशी उभी होती, दूध तापत होतं.

"तुला खोटं सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "बाबा गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात नव्हता. मी लिफ्टपाशी होते."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"किती लांब?"

"अकरा मीटर चाळीस."

"मी चारशे किलोमीटरवर होतो गं, ताई," तो म्हणाला आणि हमसून हमसून रडायला लागला.

टेपने फोन कानाला तसाच धरून ठेवला. आपल्यालाही येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. दूध वर आलं तसा तिने हात लांब करून गॅस बंद केला.

"रड तू," ती म्हणाली. "मी आहे फोनवर."