बरणीतली पांढरी घोणस

मी एक जुनी काचेची बरणी आहे, सौसरच्या एका शाळेतली. मित्रांनो, मी एकदा ओरडले होते. तुमचा विश्वास बसायचा नाही. पण आवाज असा, की पार तिगावच्या स्टेशनात सुटलेली मालगाडी थबकली आणि गार्ड खाली उतरून इकडेतिकडे बघू लागला.

माझ्या पोटात घोणस आहे. विज्ञानाच्या विजयाबाईंनी ती औषधात बुडवली तेव्हा तपकिरी होती, पाठीवर गडद ठिपक्यांच्या तीन साखळ्या. तेव्हा माझी काय ऐट! वर्गच्या वर्ग रांगेनं बघायला यायचे. पण औषधानं हळूहळू तिचा रंग खाल्ला. साखळ्या गेल्या, भिजलेल्या सुतळीसारखी ती पांढरी झाली. चिठ्ठी मात्र तीच राहिली : 'घोणस. अतिविषारी.'

मग मला कोणी विचारीना. त्यानंतर लागलेले चपराशी नत्थूजी तेवढे रोज पुसायचे. नाग त्यांनी शेतात पाहिला होता. घोणस फक्त माझ्यात.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात एका सकाळी ते संत्र्याची पेटी घेऊन आले. बागेतल्या पाल्यात थंडीनं सुस्त पडलेला तपकिरी साप तिच्यात होता. त्यांची बायको यमुनाबाई डबा घेऊन दारात उभी होती.

"अजगराचं पिल्लू आहे. बाईंले देतो, खूश होतीन."

"अन् घोणस असन तं?"

"आठ वर्षं झाले, घोणस पुसून राहिलो मी. पांढरी असते थे."

आणि त्यांनी पेटीत हात घातला.

तेव्हा मी ओरडले, 'नत्थूजी, हात काढा, हीच ती!' विजयाबाई धावत आल्या. जीप नत्थूजींना घेऊन नागपूरकडे निघाली आणि बोरगावहूनच परत फिरली.

तेरवीनंतर बाईंनी चिठ्ठीवर एक ओळ वाढवली : 'जिवंतपणी रंग तपकिरी.' त्यांचं अक्षर एवढं वाकडं मी कधी पाहिलं नव्हतं.

नत्थूजींच्या जागी आता यमुनाबाई लागली आहे. तीच मला पुसते. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी : आमचा रंग उडाला, की तसं वेळेवर लिहून ठेवत जा. आणि मला बोल लावू नका. मी जीव तोडून ओरडले होते, नत्थूजींनाच ऐकू...

यमुनाबाईचं फडकं थांबलं.

"खोटं बोलून राहिली तू, बरणे. मी दारातच होती. कोनी नाही ओरडलं." तिनं चिठ्ठीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "थे म्हणाले, पांढरी असते. अन् मी हसली."