रश्शाचं प्रकरण

“…मग तिनं लोण्यात कांदा टाकला. कडा तांबूस झाल्या, तसा खानावळभर गोडसर वास दरवळला…”

“बंद कर,” पलंगावरून आवाज आला. घशाच्या ऑपरेशनपासून नवऱ्याचा आवाज खरवडल्यासारखा झाला होता आणि गिळणं तर पार गेलं होतं. चार महिने पोटातल्या नळीतून पाण्यात कालवलेली पावडर जात होती, तेवढंच त्याचं जेवण.

“डॉक्टर म्हणालेत, मन रमवा.” तिनं पान उलटलं.

भेटायला आलेल्या नणंदेचे डोळे भरून आले. “वहिनी, एवढं कोण करतं हो? दादाचं नशीब थोर.”

दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुस्तकं निवडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. अठ्ठावीस वर्षं तिनं वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर काढली होती. कुठल्या कादंबरीत पानोपानी जेवणं झडतात, कुठल्या कथेत भट्टीतून पाव निघतो, हे तिला कपाटासकट पाठ होतं. प्रवासाच्या, युद्धाच्या कादंबऱ्यांकडे ती बघतही नसे. रोज दुपारी तीनला पलंगाशी खुर्ची ओढायची आणि एकही पदार्थ न गाळता सावकाश वाचायचं.

याच माणसानं तीस वर्षं तिच्या हातच्या अन्नाला नावं ठेवली होती. पाणचट, खारट, कच्चं, करपलेलं. ताट सरकवून उठणं तर रोजचंच. एकदा त्याचे साहेब बायकोला घेऊन जेवायला आले होते. भर जेवणात यानं माशाच्या रश्शाचं पातेलं उचललं आणि बेसिनमध्ये रिकामं केलं. “हे काय माणसांनी खायचं?” सहा वर्षांची लेक टेबलाखाली जाऊन बसली होती.

तो रस्सा तिनं पुन्हा कधी केला नाही. वाचनालयात बाकीच्या जणी घरून काहीबाही करून आणत, ही बिस्किटांचे पुडे नेई. लेकीच्या लग्नातसुद्धा तिनं शेगडीला हात लावला नाही. आपल्या हाताला चव नाही, हे तिनं आपली उंची मान्य करावी तसं मान्य करून टाकलं होतं.

त्या गुरुवारी कादंबरीतली खानावळवाली माशाचा रस्सा करायला बसली. ही वाचू लागली, “तिनं आधी मासा सोडला, आणि उकळी आल्यावर टोमॅटो…”

“चूक.”

“काय?”

“टोमॅटो आधी. त्याचं पाणी आटून तेल सुटलं की मग मासा.” त्याला धाप लागली, पण तो थांबला नाही. “लसूण दोनदा. एकदा तेलात, एकदा उतरवताना. आणि झाकणावर पाणी ठेवायचं. तू ठेवायचीस.”

तिनं पुस्तक मांडीवर टेकवलं. हा माणूस जन्मात कधी स्वयंपाकघरात फिरकला नव्हता.

“तुम्हाला काय माहीत?”

“बाहेरच्या खोलीत बसून सगळं कळायचं. वासावरून. झाकणाच्या आवाजावरून.”

“चांगला व्हायचा?” शब्द तोंडातून गेला आणि तिला स्वतःचाच संताप आला.

“व्हायचा.”

“मग त्या दिवशी ओतलात का?”

“साहेब म्हणाले, असा रस्सा उभ्या जन्मात खाल्ला नाही. तीनदा म्हणाले. तुझ्याशीच बोलत होते सगळे. मला कोणी विचारत नव्हतं.”

“एवढ्यासाठी?”

“एवढंच.” मग तो म्हणाला, “वाच पुढे.”

तिनं वाचलं नाही. भांडावं म्हटलं तर समोर हाडांचा सापळा, आणि सोडून द्यावं म्हटलं तर तीस वर्षं. साडेचार वाजले तशी तिनं पावडर कालवली, मनगटावर थेंब टाकून कोमट आहे ना पाहिलं आणि नळीतून त्याचं खाणं हळूहळू सोडलं. “शिक्षा करतेस?” त्यानं विचारलं. तिनं नळीचं टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बाजारात गेली. मासेवालीनं तुकडे करून दिले. दुपारी दोनच्या सुमारास तिनं टोमॅटो चिरले, लसूण सोलला. हातांना सगळं आठवत होतं. तेल तापायच्या आधी तिनं स्वयंपाकघराचं दार लावलं, टॉवेल ओला करून पिळला आणि दाराखालच्या फटीत नीट दाबून बसवला. एक कोपरा वर राहिला होता, तो पायानं आत सारला.

रस्सा झाला. तिनं एकटीनं पान वाढून घेतलं आणि पहिला घास घेऊन ती तशीच बसून राहिली. साहेब खरं बोलले होते.

पलीकडच्या खोलीतून पलंगाच्या दांड्यावर बोटं वाजवल्याचा आवाज आला. तीनची वेळ झाली होती. आवाज थांबला, पुन्हा आला.

तिनं भात पुढे ओढला आणि दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला.